डॉ. कार्टर वुडसन : दडवलेला इतिहास शाळेत आणणारा गुलामपुत्र

दरवर्षी फेब्रुवारी महिना उजाडला की अमेरिकेतील शाळांच्या भिंतींवर काही ठरावीक चेहरे दिसू लागतात. गुलामगिरीतून निसटून नामांकित वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस, शेकडो मैल पायपीट करून गुलामांना मुक्तीच्या वाटेवर नेणाऱ्या हॅरिएट टबमन, मार्टिन ल्यूथर किंग आणि इतर अनेक. हा महिना तेथे कृष्णवर्णीयांचा इतिहास-मास म्हणून पाळला जातो. ज्यांच्या परिश्रमातून ही प्रथा जन्मास आली, ते डॉ. कार्टर गॉडविन वुडसन मात्र आपल्याकडे फारसे परिचित नाहीत. गुलामगिरीचा इतिहास मुलांना कसा शिकवावा, ह्या एका प्रश्नासाठी त्यांनी अवघे आयुष्य वेचले. तो प्रश्न आजही सुटलेला नसल्यामुळे त्यांच्या जीवनाची ओळख करून घेणे उचित ठरेल.

गुलामांच्या पोटी

1860 च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे 39 लाख 50 हजार गुलाम होते. यादवी युद्धानंतर, डिसेंबर 1865 मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, 19 डिसेंबर 1875 रोजी, व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन ह्या खेड्यात कार्टर ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जेम्स आणि आई अ‍ॅन एलायझा हे दोघेही पूर्वाश्रमीचे गुलाम होते. ज्या व्हर्जिनियात 1831 पासून कृष्णवर्णीयांना एकत्र जमवून लिहिणे-वाचणे शिकविणे हा कायद्याने गुन्हा मानला जात होता, त्याच भूमीत हे मूल वाढत होते.

वडील सुतारकाम व शेती करीत. युद्धकाळात मालकाच्या तावडीतून निसटून त्यांनी उत्तरेच्या सैन्याला साहाय्य केले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, परंतु स्वाभिमान मोठा होता. कुणाच्याही दारी लाचार होऊन जायचे नाही आणि पोटासाठी स्वत्व विकायचे नाही, ही शिकवण त्यांनी मुलांना दिली. घरात दारिद्र्य इतके की शनिवारी रात्री मुलांना लवकर झोपवून आई त्यांचे कपडे धूत असे, म्हणजे रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला ती स्वच्छ कपड्यांत जाऊ शकत. गावातील शाळा वर्षातून चार-पाच महिनेच भरे आणि शेतीच्या कामामुळे तेथेही नियमित जाणे जमत नसे. त्या शाळेत कार्टर ह्यांचे दोन मामाच शिक्षक होते. सायंकाळी ते वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत.

खाणीतील पाठशाळा

तरुणपणी कार्टर वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत मजुरीला गेले. तेथे त्यांना ऑलिव्हर जोन्स नावाचे एक खाणकामगार भेटले. जोन्स यादवी युद्धात लढलेले जुने सैनिक होते. दिवसभराचे काम संपले की त्यांच्या घरी मजूर जमत, खात-पीत आणि गप्पा मारीत. जोन्स ह्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, तरीही कृष्णवर्णीयांच्या पराक्रमाविषयीची पुस्तके व वर्तमानपत्रे ते आवर्जून विकत घेत. कार्टर ह्यांनी ती सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावीत आणि त्या बदल्यात तेथे विनामूल्य खावे-प्यावे, असा करार ठरला.

वाचन संपले की ते वृद्ध सैनिक आपल्या आठवणी सांगत. मळ्यावरचे चाबूक, ताटातूट झालेली मुले, रणांगणावर काढलेल्या रात्री, असे सारे त्यात असे. आपण जे ऐकत आहोत ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही, हे त्या तरुणाच्या ध्यानी आले. ज्यांनी इतिहास घडविला, त्यांच्याजवळ तो लिहिण्यासाठी अक्षरे नव्हती. आणि ज्यांच्याजवळ अक्षरे होती, त्यांना तो लिहिण्याची इच्छा नव्हती. पुढील आयुष्याची दिशा त्यांना ह्या खाणीत गवसली.

जांभळाच्या झाडाचा धडा

वयाच्या विसाव्या वर्षी वुडसन हंटिंग्टन येथील डग्लस हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दोन वर्षांच्या आत तेथील शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. पुढे 1900 साली ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेजची पदवी त्यांनी 1903 साली मिळविली. तेथे श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय विद्यार्थी एकत्र शिकत. दुसऱ्याच वर्षी केंटकीने कायदा करून अशा सहशिक्षणावर बंदी घातली.

1903 च्या अखेरीस ते शिक्षक म्हणून फिलिपाइन्सला गेले. हा देश तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. अमेरिकेतून आलेले शिक्षक तेथील मुलांना सफरचंदाच्या झाडाची गाणी शिकवीत आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या कथा सांगत. त्या मुलांनी सफरचंदाचे झाड कधी पाहिलेलेच नव्हते. त्यांच्या अंगणात होते ते जांभळाचे झाड, आणि त्यांच्या हृदयात होता तो होजे रिझाल. ज्या शिक्षकाने जांभूळ आणि रिझाल ह्यांपासून आरंभ केला, त्याच्या वर्गातील मुले झपाट्याने पुढे गेली. हा अनुभव वुडसन ह्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केला. मुलाला स्वतःच्या भूमीपासून आणि पूर्वजांपासून तोडून दिलेले शिक्षण त्याला शहाणे करीत नाही, परके करते, हे त्यांच्या मनावर कायमचे बिंबले.

मायदेशी परतल्यावर 1908 साली त्यांनी शिकागो विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. वॉशिंग्टनमध्ये शाळेत शिकवीत असतानाच प्रबंध पूर्ण करून 1912 साली हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट मिळविली. हार्वर्डमधून हा सन्मान मिळविणारे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांच्यानंतरचे ते दुसरे कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्ष गुलामीत जन्मलेल्या आईबापांच्या पुत्राने इतिहास विषयात डॉक्टरेट मिळविल्याचे ते एकमेव उदाहरण मानले जाते.

क्रमिक पुस्तकांशी झुंज

त्या काळी अमेरिकन मुलांना गुलामगिरीविषयी काय शिकविले जात होते, हे जाणून घेतल्याशिवाय वुडसन ह्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. मळेवाले मालक दयाळू होते, गुलाम त्यांच्या आश्रयाला सुखी होते आणि युद्ध गुलामगिरीमुळे नव्हे तर राज्यांच्या हक्कांसाठी झाले, असे अनेक पुस्तके सांगत. 1918 साली यू. बी. फिलिप्स ह्या मान्यवर इतिहासकाराने गुलामांचा मळा म्हणजे जणू त्यांना सुसंस्कृत करणारी शाळाच होती, असे चित्र रंगविले. दक्षिणेतील सैनिकांच्या वंशज महिलांच्या संघटनेने तर पुस्तके पारखण्याची नियमावलीच प्रसिद्ध केली. गुलामांच्या मालकांना क्रूर ठरविणारे पुस्तक शाळांनी व ग्रंथालयांनी नाकारावे, असे तिच्यात सुचविले होते.

ह्या प्रवाहाविरुद्ध उभे राहण्यासाठी 9 सप्टेंबर 1915 रोजी शिकागो येथे मोजक्या सहकाऱ्यांसह वुडसन ह्यांनी निग्रो जीवन व इतिहास अभ्यास संघाची स्थापना केली. जानेवारी 1916 मध्ये पदरमोड करून त्यांनी संशोधनपर त्रैमासिक सुरू केले. जुनी पत्रे, विक्रीखते, न्यायालयीन कागद, जनगणनेच्या नोंदी असे पुरावे ते चिकाटीने गोळा करीत. केवळ भावनेला आवाहन केल्याने असत्य हटत नाही, त्यासाठी कागद दाखवावा लागतो, ही त्यांची धारणा होती.

प्रस्थापित प्रकाशक असली पुस्तके छापायला धजत नव्हते. म्हणून 1921 साली त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 1922 साली शाळा-महाविद्यालयांसाठी त्यांचे ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ हे पाठ्यपुस्तक आले. ते वापरणे नेहमीच सुरक्षित नव्हते. ओक्लाहोमातील मस्कोगी येथे 1925 साली शाळा मंडळाने ह्या पुस्तकावर बंदी घातली. लुइझियानातील एक तरुण शिक्षिका मंजूर अभ्यासक्रम मेजावर उघडा ठेवीत असे आणि मांडीवर लपविलेल्या वुडसन ह्यांच्या पुस्तकातून मुलांना वाचून दाखवीत असे. आपल्याच पूर्वजांची कथा चोरून शिकावी लागावी, ही केवढी शोकांतिका!

एका सप्ताहाचा जन्म

1926 च्या फेब्रुवारीत वुडसन ह्यांनी पहिला निग्रो इतिहास सप्ताह साजरा केला. अब्राहम लिंकन ह्यांचा जन्मदिन 12 फेब्रुवारीला आणि फ्रेडरिक डग्लस ह्यांचा 14 फेब्रुवारीला पाळला जात असे, म्हणून हा आठवडा निवडला गेला. गुलामांच्या जन्मतारखा सहसा नोंदविल्या जात नसत. त्यामुळे डग्लस ह्यांनी आपला जन्मदिन स्वतःच ठरवून घेतला होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पहिल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना, डेलावेअर व वेस्ट व्हर्जिनिया ह्या राज्यांच्या शिक्षण खात्यांनी, तसेच बाल्टिमोर व वॉशिंग्टन ह्या शहरांतील शाळांनी सहकार्य दिले. वुडसन शाळांना चित्रे, नाटुकल्या आणि पाठांचे आराखडे पाठवीत. 1937 साली त्यांनी खास शिक्षक व मुलांसाठी नियतकालिक सुरू केले.

हा सप्ताह म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाची सांगता असावी, त्याचा पर्याय नव्हे, ही त्यांची अपेक्षा होती. कृष्णवर्णीयांचा इतिहास राष्ट्राच्या इतिहासात असा मिसळून जावा की वेगळ्या सप्ताहाची गरजच उरू नये, हे त्यांचे अंतिम स्वप्न होते. 1933 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मिसएज्युकेशन ऑफ द निग्रो’ ह्या ग्रंथात त्यांनी स्वसमाजातील सुशिक्षितांनाही धारेवर धरले. स्वतःला हीन लेखायला शिकविणाऱ्या शिक्षणाने माणूस न सांगताच मागच्या दाराने जाऊ लागतो, हे त्या ग्रंथाचे सार होय.

एकाकी साधक

वुडसन अविवाहित राहिले. वॉशिंग्टनमधील नाइन्थ स्ट्रीटवरील एका घरात खाली कार्यालय आणि वर निवास, असा त्यांचा संसार होता. स्वभाव करारी, प्रसंगी तापट. हॉवर्ड विद्यापीठातील अधिष्ठातापद त्यांनी अध्यक्षांशी मतभेद झाल्यामुळे सोडले. पुढे प्रसिद्धीस आलेले कवी लँगस्टन ह्यूज काही काळ त्यांचे मदतनीस होते. हजारो मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांच्या नावांची वर्णानुक्रमे मांडणी करताना त्यांचे डोळे शिणून गेले आणि त्यांनी ती नोकरी सोडली. 1930 नंतर धनाढ्य प्रतिष्ठानांचे अनुदान आटले. तेव्हा शिक्षक व सामान्य माणसे ह्यांच्या लहानलहान देणग्यांवर संघ तगून राहिला. 3 एप्रिल 1950 रोजी त्याच घरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

अपूर्ण राहिलेला धडा

त्यांच्या निधनानंतर, 1957 साली, त्यांच्याच व्हर्जिनियात मुलांच्या हाती पडलेल्या सरकारी पुस्तकात गुलाम सुखी असल्याचे दाखविलेले होते! 1976 साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांनी इतिहास-मासाला मान्यता दिली. तरीही 2015 साली टेक्सासमध्ये वापरल्या जाणाऱ्या भूगोलाच्या पुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा उल्लेख चक्क कामगार असा आढळला. एका मातेने आवाज उठविल्यावर प्रकाशकाला चूक सुधारावी लागली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारावीच्या केवळ 8 टक्के विद्यार्थ्यांना यादवी युद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी होते, हे सांगता आले. अमेरिकेत अभ्यासक्रम राज्ये व स्थानिक मंडळे ठरवितात, त्यामुळे राज्यागणिक इतिहास बदलतो. 2021 पासून अनेक राज्यांनी वर्णभेदाविषयी वर्गात काय बोलावे, ह्यावर कायद्याने मर्यादा घातल्या. 2023 साली फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात, गुलामांना अवगत झालेली कौशल्ये काही वेळा त्यांच्याच हिताची ठरली, असा मुद्दा घातला गेला आणि मोठे वादळ उठले.

वाचकहो, वुडसन ह्यांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, 1873 साली, महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. बेड्या तुटल्या म्हणजे दास्य संपले असे होत नाही, त्यासाठी ज्ञानाची कवाडे उघडावी लागतात, हे जोतीरावांनी पुण्यात ओळखले; तेच वुडसन ह्यांनी वॉशिंग्टनमध्ये ओळखले. आपल्या मुलांच्या दप्तरातील इतिहासाचे पुस्तक एकदा तरी आपण उघडून पाहावे. त्यात कोण आहे हे पाहावे, आणि कोण गाळले गेले आहे हेही पाहावे. खाणीतल्या त्या निरक्षर सैनिकांनी एका तरुणाला हेच शिकविले होते.