जे. सी. कुमारप्पा : पावतीपलीकडचा हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ

आपण दुकानातून वस्तू घेतो, पैसे देतो आणि पावती खिशात ठेवतो. व्यवहार पूर्ण झाला असे आपल्याला वाटते. पण त्या वस्तूची खरी किंमत पावतीवर लिहिलेली असते का? हा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेल्या एका हिशेबनिसाचे जीवन आज आपण पाहू या.

जोसेफ चेल्लादुरै कुमारप्पा यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन ते लेखापाल झाले आणि परत येऊन त्यांनी मुंबईत हिशेब तपासणीचा व्यवसाय सुरू केला. पाश्चात्त्य पोशाख, उत्तम मिळकत, सुखाचे राहणीमान, काही म्हणता काही कमी नव्हते. 1927 मध्ये ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना भारत गरीब का, या विषयावर त्यांनी एक व्याख्यान दिले. त्यांच्या प्राध्यापकांनी याच प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले. कुमारप्पा आकडे तपासू लागले आणि परकीय राजवटीने आपल्या देशाचे किती शोषण केले आहे, हे त्यांना प्रथमच स्पष्ट दिसले. आकड्यांनीच त्यांचे डोळे उघडले!

9 मे 1929 रोजी आपला प्रबंध घेऊन ते साबरमती आश्रमात गांधीजींना भेटायला गेले. झाडाखाली एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. हेच गांधीजी, हे त्यांना काही वेळाने कळले. मग रेशमी पोशाखातले कुमारप्पा तसेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. त्या भेटीने त्यांच्या जीवनाची दिशा बदलली. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली आणि खेड्यातील माणूस कसा जगतो, हे गावोगाव जाऊन नोंदवले. मुंबईचा व्यवसाय सुटला, अंगावर खादी आली.

1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली. आपल्या महाराष्ट्रातील वर्धा येथील मगनवाडी ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन अशा उद्योगांवर प्रयोग होत. रॉकेलच्या कंदिलाऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तेथेच तयार झाला. गावात पिकणाऱ्या तेलाने गावात उजेड व्हावा, एवढा साधा त्यामागचा विचार होता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. खर्च कमी आणि नफा जास्त, हे आम्ही रोज शिकतो. कुमारप्पा हेच शिकले होते, पण ते तेथे थांबले नाहीत. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ दिसायला सुंदर असतो. मात्र त्यातील पोषण कोंड्याबरोबर निघून जाते आणि भात सडणाऱ्या हातांचे कामही जाते. हे नुकसान कोणत्या वहीत लिहायचे? आपल्या लेखनात त्यांनी कोकोच्या डब्याचे उदाहरण घेतले आहे. आफ्रिकेच्या मळ्यात सक्तीने राबवलेला मजूर, बळाच्या जोरावर ताब्यात ठेवलेले सागरी मार्ग, कारखान्यात पिळला जाणारा कामगार हे सारे त्या डब्यात भरलेले असते. डबा विकत घेणारा त्या हिंसेत नकळत भागीदार होतो. मला माहीत नव्हते, असे म्हणून ग्राहकाची सुटका होत नाही, हे त्यांचे परखड मत होते.

1942 च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे शाश्वत अर्थव्यवस्था. त्यांच्या दृष्टीने धर्म आणि अर्थ हे वेगळे विषय नव्हतेच. निसर्गातील संपत्ती दोन प्रकारची आहे, असे त्यांनी सांगितले. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे आहेत. ते वापरले की संपतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रे युद्धे करतात. जंगल, शेती, वाहते पाणी हे मात्र प्रवाह आहेत. मर्यादेने घेतले तर ते पुन्हा पुन्हा देत राहतात. जो समाज साठ्यांवर चैन करतो, तो पुढच्या पिढीच्या ताटातले खातो. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता देणारी आई, हा त्यांच्या दृष्टीने अर्थव्यवहाराचा सर्वोच्च आदर्श होता.

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांची वाट धरली. कुमारप्पांचे म्हणणे फारसे कोणी ऐकले नाही. अखेरच्या वर्षांत ते मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी या गावी साधेपणाने राहिले. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांनी देह ठेवला.

आज कचऱ्याचे डोंगर, आटलेल्या नद्या आणि घरात न वापरता पडलेल्या वस्तू पाहिल्या की त्यांनी तेव्हाच मांडलेला हिशेब आठवतो. वाचकहो, आपण साधना करतो, संयमाविषयी ऐकतो. तो संयम बाजारात आपल्यासोबत येतो का? पुढची खरेदी करण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला याची खरोखर गरज आहे का? हे कोणाच्या कष्टातून आले? आणि वापरून झाल्यावर हे कोठे जाणार? उत्तर प्रामाणिक असेल, तर ती खरेदीही साधनाच ठरेल.