बाष्पाच्या वाटेचा शोध घेणारे पिशारोटी

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की शिरवळनंतर आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे खंडाळा लागते. येथून फार दूर नसलेल्या महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पर्जन्यछायेतील खंडाळा तालुक्याला जेमतेम सरींवर समाधान मानावे लागते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होते. बाष्पाचा लोट जोरकस असला, तरच घाटापलीकडच्या बाजरीला चार थेंब मिळतात. हे बाष्प येते कोठून आणि किती, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत डॉ. पिशारोथ राम पिशारोटी यांचे नाव अग्रभागी आहे.

पिशारोटी यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1909 रोजी केरळमधील कोल्लंगोड येथे झाला. भौतिकशास्त्राचे अध्यापन करीत असताना त्यांना सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला. 1942 मध्ये ते भारतीय हवामान खात्यात रुजू झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात जेकब बर्कनीस या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे संचालकपद त्यांच्याकडे आले. 17 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू होती. जहाजे, विमाने आणि फुगे यांमार्फत समुद्रावरील हवेची मोजमापे प्रथमच मोठ्या प्रमाणावर हाती येत होती. फुग्याला बांधलेले रेडिओसाँड यंत्र वर चढताना तापमान, दाब व आर्द्रता कळवते. त्या आर्द्रतेला वाऱ्याच्या वेगाची जोड दिली, की एखादी सीमारेषा ओलांडून किती बाष्प गेले याचा हिशेब मांडता येतो. पिशारोटी यांनी विषुववृत्त आणि भारताचा पश्चिम किनारा या दोन सीमांवर हा हिशेब केला. किनारा ओलांडणारे बाष्प विषुववृत्तावरून येणाऱ्या बाष्पापेक्षा बरेच अधिक भरले. मधली भर अरबी समुद्राच्या बाष्पीभवनानेच घातली असली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी 1965 मध्ये मांडला.

या निष्कर्षाने वाद उभा राहिला. मोजमापांची ठिकाणे विरळ होती आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या झोताचे चित्र तेव्हा पुरते स्पष्ट झाले नव्हते. नंतरच्या संशोधकांनी अधिक माहितीच्या आधारे विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या बाष्पाचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. पिशारोटी यांचे उत्तर अशा प्रकारे दुरुस्त झाले. मात्र सीमा आखून बाष्पाचा जमाखर्च मांडण्याच्या रीतीवरच ही दुरुस्ती उभी राहिली.

1967 मध्ये पुण्यातून निवृत्त झाल्यावर ते अहमदाबादला गेले. नारळाच्या बागांवरील मूळकुजव्या रोगाचा माग त्यांनी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या अवरक्त छायाचित्रांनी काढला. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात तेथून मानली जाते. जमिनीवरून न दिसणारे उंचावरून टिपता येते, हे सूत्र हवामानालाही लागू पडले. 1979 च्या 'भास्कर' उपग्रहावरील 'समीर' या उपकरणाने समुद्रावरील बाष्पाची नोंद घेतली, तर 2013 मध्ये सोडलेल्या 'इन्सॅट-3डी'ने वातावरणाच्या निरनिराळ्या थरांतील आर्द्रतेचा अंदाज घेण्याची सोय केली.

पद्मश्री (1970) आणि जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार (1989) हे सन्मान त्यांच्या वाट्याला आले. 24 सप्टेंबर 2002 रोजी त्यांचे निधन झाले. पावसाळ्यात खंडाळ्याच्या शेतकऱ्याचे डोळे आजही पश्चिमेच्या डोंगराकडे लागलेले असतात. डोंगरापलीकडे बाष्पाचा नवा लोट येत आहे की नाही, हे आज काही दिवस आधी सांगता येते, त्यामागे पिशारोटी यांच्या पिढीने मांडलेला हा हिशेब आहे.