लुई ब्रेल : बोटांनी वाचताना मेंदूत काय घडते?

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे गावात झाला. वडील घोड्यांची खोगिरे बनवायचे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये खेळताना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यात आरी घुसली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. दहाव्या वर्षी ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तिथली पुस्तके उठावाच्या रोमन अक्षरांची. म्हणजे सोय डोळसांची, कसरत बोटांची! शार्ल बार्बिए यांची १२ ठिपक्यांची लिपी आली, पण तिचे एक चिन्हही बोटाखाली मावेना. ब्रेल यांनी १५ व्या वर्षी ती सहा ठिपक्यांवर आणली. १८५२ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये.

हे ठिपके वाचतो कोण? १९९६ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसले, की लहानपणीच दृष्टी गेलेले लोक ब्रेल वाचतात तेव्हा डोक्याच्या मागचा, एरवी पाहण्याचे काम करणारा भाग सक्रिय होतो. पुढे एका जन्मांध महिलेच्या नेमक्या याच भागाला स्ट्रोकमुळे इजा झाली. बोटांना स्पर्श कळत होता, ब्रेल मात्र वाचता येईना.