हाडवैद्याच्या दारातून ज्युदोपर्यंत

चाकणच्या एखाद्या कंपनीत इंटर्नशिपला गेलात की दुसऱ्याच दिवशी 'कायझेन' कानावर पडतं. 'ज्युदो' हा जपानी शब्द मात्र आपल्याला शाळेपासूनच माहीत. पण तो जगभर नेणारा जिगोरो कानो होस्टेलवर मार खाणारा किडकिडीत पोरगा होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म 1860चा, कोबेजवळच्या मिकागेचा. आई लहानपणीच गेली, वडिलांनी टोकियोला आणलं. इंग्रजीत हुशार, उंची जेमतेम पाच फुटांवर, म्हणजे दांडगट पोरांना आयतं गिऱ्हाईक. जुजुत्सू आलं तर लहान माणूसही मोठ्याला पाडतो, असं त्याने ऐकलं होतं. पण सामुराईंचे दिवस संपलेले, तलवारी बाळगायला बंदी. ही जुनी विद्या शिकवणार कोण? अनेक जुजुत्सू उस्ताद आता हाडं बसवून पोट भरत होते. म्हणून युनिव्हर्सिटीत असताना हा पठ्ठ्या टोकियोत हाडवैद्यांच्या पाट्या शोधत फिरला! 1877 मध्ये फुकुदा हाचिनोसुके हे गुरू असेच मिळाले.

तालमीतला एक धिप्पाड गडी काही केल्या पडेना. कानोने थेट लायब्ररी गाठली. आधी सुमोचे डाव पाहिले, मग पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक उघडलं आणि त्यातला खांद्यावर उचलून टाकायचा डाव घोटून त्याला आपटला. भोसरीच्या पैलवानांना तो ओळखीचा वाटेल, आपल्या कलाजंगच्या जवळचाच.

1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात 12 चटयांच्या जागेत 'कोडोकान' सुरू झालं. कानो तेव्हा 21 वर्षांचे. 'जू' म्हणजे मऊ, नमतं. समोरचा ढकलतोय? अडवू नका, मागे सरका. तो स्वतःच्याच जोराने पुढे झुकतो, तोल जातो, तेवढ्यात फेकायचं. जीवघेणे डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि नीट पडायला शिकण्यावर भर दिला. ब्लॅक बेल्टही त्यांचाच, बरं का.

पोटापाण्याला ते शिक्षकच होते, पुढे शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजचे प्राचार्य. 1909 मध्ये ऑलिम्पिक समितीवरचे पहिले आशियाई सदस्य झाले. 1940चं ऑलिम्पिक टोकियोला मिळावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, ते मिळालंही. पण जपान चीनवर तुटून पडला होता. सारं आयुष्य बळ आवरायला शिकवणारा माणूस 1938 मध्ये कैरोच्या बैठकीत अशा देशाची बाजू मांडत होता. ही विसंगती मला तरी गिळवत नाही.

परतताना 'हिकावा मारू' बोटीवर न्यूमोनियाने 4 मे रोजी ते गेले. योकोहामा दोन दिवसांवर होतं. जुलैत जपानने ऑलिम्पिक परत केलं.

1964 मध्ये टोकियोतच ज्युदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. ओपन गटाचं सुवर्ण मात्र साडेसहा फुटी डच खेळाडू अँटन गीसिंक घेऊन गेला.