ग्लासवर स्वतःचं नाव नको म्हणणारा डिझायनर : काई फ्रँक

फिनलंडमधल्या कितीतरी घरांत एक साधा ग्लास सापडतो. खाली निमुळता, वर थोडा रुंद. नक्षी नाही, सोनेरी कड नाही, धरायला दांडा नाही. जे काही आहे ते फक्त आकार आणि काचेचा रंग. या ग्लासचं नाव 'कार्तिओ', म्हणजे फिनिश भाषेत शंकू. तो डिझाइन केला काई फ्रँक यांनी, 1958 मध्ये.

फ्रँक यांचा जन्म 1911 चा, वीपुरी शहरातला. शिक्षण हेलसिंकीत फर्निचर डिझाइनचं. सुरुवातीला त्यांनी दिवे, कापड अशी मिळतील ती कामं केली. मग दुसरं महायुद्ध आलं. युद्धात फिनलंडने सोव्हिएत संघाला बराच प्रदेश गमावला आणि त्यात वीपुरीही गेलं. चार लाखांहून जास्त लोक विस्थापित झाले. चाळीस लाखांच्याही आतल्या देशासाठी हा आकडा प्रचंड होता. घरं लहान, सामान तुटपुंजं आणि पैसा त्याहून कमी.

अशा वेळी, 1945 मध्ये, फ्रँक 'आराबिया' कंपनीत आले. नाव अरबी वाटलं तरी ही कंपनी हेलसिंकीचीच, चिनीमातीची भांडी बनवणारी. काम होतं रोजच्या वापरातली भांडी नव्याने घडवण्याचं.

तोवर चांगल्या घरात डिनर सेट लागायचा. सूपची वेगळी प्लेट, सॉसचं वेगळं भांडं, सगळ्यांवर एकसारखी फुलं. फ्रँक यांनी प्रश्न विचारला तो या सेटलाच. छोट्या स्वयंपाकघरात एवढं ठेवायचं कुठे? त्यांचं उत्तर 1953 मध्ये बाजारात आलं : 'किल्ता'. वर्तुळ, चौकोन, आयत असे मोजके आकार, मोजके रंग. भांडी एकावर एक रचता येत, ओव्हनमधून थेट टेबलावर आणता येत. मुख्य म्हणजे सुटी विकत मिळत. एक फुटलं की तेवढंच नवीन आणायचं.

हाच विचार त्यांनी काचेत आणला. 1951 पासून ते नूतायार्वीच्या काच कारखान्याचे कलाप्रमुख होते. 1793 मध्ये सुरू झालेला हा फिनलंडमधला जुना कारखाना. तिथे त्यांनी एकेकच नग असलेल्या कलावस्तूही केल्या. म्हणजे सजावट जमत नव्हती म्हणून त्यांनी साधेपणा धरला, असं नव्हतं. पण पाणी प्यायचा ग्लास हातात नीट बसावा आणि परवडावा, त्याचं सौंदर्य त्यातूनच यावं, ही त्यांची भूमिका होती.

1955 मध्ये त्यांना लुनिंग पुरस्कार मिळाला, 1957 मध्ये इटलीचा मानाचा कोम्पासो दोरो. फिनिश डिझायनर जगभर गाजत होते आणि त्यांच्या नावावर माल खपत होता. फ्रँक यांना नेमकं हेच खटकलं. 1960 च्या दशकात त्यांनी उघड भूमिका घेतली की वापराच्या वस्तू डिझायनरच्या नावावर विकू नयेत. एक ग्लास बनवायला भट्टीवरच्या कामगारांपासून कितीतरी हात लागतात, मग श्रेय एकालाच का? आणि ग्राहकाने तरी वस्तू पाहावी की सही?

ते तरुण डिझायनरांना शिकवतही होते. सत्तरच्या दशकात 'किल्ता'चं उत्पादन थांबलं. 1981 मध्ये फ्रँक यांनीच तिला नव्या, जास्त टिकाऊ मटेरियलमध्ये 'तेमा' या नावाने परत आणलं. 1989 मध्ये ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर त्यांचं निधन झालं.

नूतायार्वीची भट्टी 2014 मध्ये बंद झाली. 'कार्तिओ' आणि 'तेमा' आजही 'ईत्ताला' या ब्रँडखाली विकले जातात. त्यांच्या जाहिरातीत काई फ्रँक हे नाव ठळकपणे असतं. फिनलंडमध्ये डिझाइनचा एक मोठा पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. नाव पुसायची त्यांची धडपड काही यशस्वी झाली नाही. पण ते नाव माहीत नसतानाही रोज त्याच ग्लासने पाणी पिणारे लोक भरपूर आहेत, आणि त्यांना हवा होता तो ग्राहक बहुधा हाच.