दगडांचे वय शोधणारे बिरबल साहनी

अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या तटाचा काळा दगड आपल्या ओळखीचा आहे. कळसूबाईच्या शिखरावर तोच दगड आहे आणि आपल्या शेताच्या बांधावरही तोच आहे. फार प्राचीन काळी जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला लाव्हा वाहिला आणि थंड होऊन त्याचा हा दगड झाला. पण हे केव्हा घडले? दगडावर तारीख लिहिलेली नसते. ही तारीख शोधण्यासाठी ज्यांनी अनेक वर्षे मेहनत घेतली, त्यांत डॉ. बिरबल साहनी यांचे नाव आदराने घेतले जाते.

साहनी यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1891 रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचीराम साहनी लाहोरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलाने मोठ्या सरकारी नोकरीत जावे, अशी त्यांची इच्छा होती. बिरबल यांना मात्र झाडाझुडपांची ओढ होती. 1911 मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे प्राध्यापक सिवर्ड यांच्या हाताखाली त्यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांचा, म्हणजे दगड बनलेल्या अवशेषांचा, अभ्यास केला. 1919 मध्ये ते भारतात परतले. 1921 मध्ये लखनौ विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

दख्खनचा लाव्हा एकाच वेळी वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जमिनीवर तळी साचत आणि झाडे वाढत. पुढच्या लाव्ह्याखाली ती गाडली जात. नागपूर व छिंदवाड्याच्या भागात असे थर सापडतात. साहनी यांनी त्यांतील वनस्पतींचा बारकाईने अभ्यास केला.

या तळ्यांत ‘कारा’ नावाची पाणवनस्पती होती. ती गोड्या पाण्यातील शेवाळांच्या गटातली असून आजही तळ्यांत आढळते. तिचे फळ खसखशीच्या दाण्याएवढे लहान असते. त्याभोवती पाच पेशींचे वळसे असतात आणि त्यांवर चुन्याचे कवच चढते. म्हणून मऊ वनस्पती कुजून गेली, तरी फळ दगडात टिकते. या फळांचे आकार युगायुगांत बदलत गेले. त्यामुळे फळ ओळखले की थराचे वय कळते. एकाच जातीची फळे दूरदूरच्या प्रदेशांत मिळाली, तर ती वनस्पती कोठवर पसरली होती हेही समजते.

त्या काळी अनेक भूवैज्ञानिक हा लाव्हा डायनोसॉरांच्या युगातला मानत. साहनी यांनी 1934 मध्ये या मतावर शंका घेतली. लाव्ह्यांमधल्या थरांतील वनस्पती त्यानंतरच्या युगातल्या आहेत, असे त्यांनी मांडले. राजमहेंद्रीजवळ मिळालेल्या कारा-फळांनी त्यांच्या मताला बळ दिले. 1943 मध्ये त्यांनी एस. आर. नारायण राव यांच्यासह सौसर येथील काराच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

मग खरे कोण ठरले? आता दगडातील किरणोत्सारी द्रव्ये मोजून वय काढता येते. त्यावरून दिसते की, लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. काही लाव्हा डायनोसॉर जिवंत असताना आला, तर काही ते नष्ट झाल्यावर. दोन्ही मतांत सत्याचा अंश होता. साहनी यांनी प्रश्न विचारला नसता, तर शोध एवढा पुढे गेला नसता.

1936 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासासाठी लखनौला संस्था असावी, हे त्यांचे स्वप्न होते. तिच्या कोनशिलेत त्यांनी निरनिराळ्या युगांतील जीवाश्म बसविले. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ही शिला बसविण्यात आली. हेच नेहरू 1942 ते 1945 या काळात आपल्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. त्यांचा जन्मदिवसही साहनींप्रमाणे 14 नोव्हेंबरच होता.

त्या समारंभानंतर एक आठवडाही झाला नाही, तोच हृदयविकाराने साहनी यांचे निधन झाले. संस्थेची इमारत त्यांना पाहता आली नाही. पत्नी सावित्री यांनी दुःख गिळून संस्थेची जबाबदारी उचलली आणि पतीचे काम पुढे नेले. ती संस्था आज साहनी यांच्याच नावाने ओळखली जाते.

खसखशीएवढ्या फळातही इतिहास दडलेला असतो. तो वाचण्यासाठी धीर लागतो आणि रूढ मताला प्रश्न विचारण्याची हिंमतही लागते. साहनी यांच्याकडे दोन्ही होते.