जनरल ग्रँट : एका अयशस्वी माणसाची यशोगाथा

रणांगण गाजवणारे सेनापती इतिहासात पुष्कळ झाले. परंतु अडतिसाव्या वर्षी धाकट्या भावांच्या हाताखाली वडिलांच्या दुकानात काम करणारा आणि त्यानंतर नवव्या वर्षी देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला सेनापती विरळाच. अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष यूलिसिस ग्रँट हे ते गृहस्थ होत.

ओहायो राज्यात २७ एप्रिल १८२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा. मुलाला त्या कामाची मनस्वी शिसारी, ओढ मात्र घोड्यांची. वडिलांच्या आग्रहाखातर ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात गेले आणि १८४३ साली एकोणचाळीस विद्यार्थ्यांत एकविसावे आले. आमच्यासारख्या मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना हा आकडा मोठा धीर देतो!

मेक्सिकोच्या युद्धात त्यांनी शौर्य दाखवले. परंतु कुटुंबापासून दूर, एकाकी ठाण्यांवर त्यांचे मन रमेना. मद्याची सवय जडल्याचा बोभाटा झाला. १८५४ साली त्यांनी लष्कर सोडले. पुढे शेती केली, ती बुडाली. सेंट लुईसच्या रस्त्यांवर त्यांनी जळाऊ लाकूड विकले. अशा ओढगस्तीतही १८५९ साली त्यांनी आपल्याकडील विल्यम जोन्स या गुलामाला मुक्त केले. त्याला विकले असते तर चांगला पैसा हाती आला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कृतीचे मोल कळते.

१८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले आणि ग्रँट यांचे नशीब पालटले. १८६२ मध्ये डोनेल्सनचा किल्ला आणि ४ जुलै १८६३ रोजी व्हिक्सबर्ग त्यांनी जिंकले. १८६४ साली लिंकन यांनी त्यांना सरसेनापती नेमले. त्याच वर्षी कोल्ड हार्बरच्या हल्ल्यात त्यांचे हजारो सैनिक कामी आले वा जखमी झाले. त्या हल्ल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले, तेव्हा ग्रँट यांनी शत्रूच्या उपाशी सैनिकांना शिधा दिला आणि शेतीच्या कामासाठी त्यांचे घोडे त्यांच्यापाशीच राहू दिले. नांगर धरलेल्या हातांनाच ही गोष्ट सुचावी!

१८६९ ते १८७७ ही आठ वर्षे ते राष्ट्राध्यक्ष होते. १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या नागरिकांना मताधिकार मिळाला. त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा ग्रँट यांनी १८७१ च्या कायद्याने आणि फौजेच्या बळावर बीमोड केला. परंतु माणसे पारखण्यात ते कच्चे ठरले. सहकाऱ्यांनी लाच खाल्ली, मद्यावरील कर बुडवण्याचे कारस्थान उघडकीस आले आणि कारभाराला बट्टा लागला. ते पायउतार झाल्यावर दक्षिणेतील काळ्यांना सरकारचा आधार उरला नाही. त्यांचा मताधिकार खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. रणात जिंकलेले असे कचेरीत हरता येते!

निवृत्तीनंतर त्यांनी जगप्रवास केला. १८७९ च्या फेब्रुवारीत ते आपल्या मुंबईतही येऊन गेले. पुढे भागीदाराने फसवल्याने १८८४ साली ते कफल्लक झाले. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. पत्नीच्या उदरनिर्वाहासाठी त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या. घास गिळवेना, बोलवेना, तरी लेखणी थांबली नाही. हस्तलिखित पुरे झाले आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, त्यांनी देह ठेवला. मार्क ट्वेन यांनी प्रकाशित केलेल्या या ग्रंथाने पत्नीला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळवून दिले.

तलवारीने कीर्ती दिली, सत्तेने ती डागाळली. संसार मात्र अखेर लेखणीने सावरला. ग्रँट यांच्या विजयांपेक्षा मला त्यांचे हे शेवटचे वर्षच अधिक मोठे वाटते.